पिकअपसाठी ऑफ-रोड टायर कसे निवडावेत: पुण्याभोवतीच्या वाटांचा हिशेब

पिकअपसाठी ऑफ-रोड टायर घ्यायला दुकानात जाण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि गेल्या सहा महिन्यांत गाडी नेमकी कुठे कुठे धावली, ते तीत प्रामाणिकपणे मांडावे. कोथरूड किंवा वाकडला राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी पानशेत, वेल्हे, मुळशी किंवा पवनेच्या बाजूला जाणाऱ्या माणसाच्या वहीत साधारणपणे असे दिसते की, आधी पन्नास-साठ किलोमीटर डांबर किंवा काँक्रीट, मग शेवटचे तीन-चार किलोमीटर मुरुमाचा चढ, एखादा ओढा, पावसाळ्यात थोडा चिखल, आणि परतीला पुन्हा तेवढेच डांबर. मी स्वतः ही मांडणी केली तेव्हा शंभर किलोमीटरमागे जेमतेम सहा किलोमीटर कच्चे निघाले, आणि त्यातले निम्मे आमच्याच शेताच्या पाणंदीचे होते. टायर त्या सहा किलोमीटरांसाठी बदलायचा असला, तरी उरलेल्या चौऱ्याण्णव किलोमीटरांत, विशेषतः पावसाने भिजलेल्या घाटात ब्रेक लावताना, तो भरवशाचा राहिला पाहिजे. ही दुसरी अट विसरली की निवड चुकते.

बाजारातील टायर ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. हायवे टेरेन, म्हणजे एचटी, हा बहुतेक खासगी पिकअपवर कारखान्यातूनच येणारा प्रकार आहे. त्याच्या नक्षीतील खाचा अरुंद असतात, आवाज कमी असतो आणि ओल्या डांबरावर पकड चांगली मिळते. मात्र चिखलात त्या खाचा क्षणात भरतात आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. ऑल टेरेन, म्हणजे एटी, यात रबराचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद असतात, पण ठोकळ्यांच्या माथ्यावर बारीक चिरा दिलेल्या असतात. या चिरांच्या अनेक कडा ओल्या रस्त्याला धरतात, त्यामुळे चांगला एटी टायर डांबरावर एचटीच्या बराच जवळ राहतो. मड टेरेन, म्हणजे एमटी, यातील ठोकळे एकमेकांपासून दूर असतात, जेणेकरून चाक वेगाने फिरताना अडकलेला चिखल बाहेर फेकला जावा. डांबरावर हेच अंतर अडचणीचे होते. जमिनीला टेकणारे रबर कमी पडल्याने ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते, ताशी ऐंशीच्या पुढे सतत घोंघावणारा आवाज येतो आणि डिझेलही जास्त लागते. एटी आणि एमटी यांच्या मधला प्रकार आरटी, म्हणजे रग्ड टेरेन, या नावाने विकला जातो. तो दिसायला एमटीसारखा आणि वागायला बराचसा एटीसारखा असतो.

वर सांगितलेल्या वहीत ज्याचे कच्चे किलोमीटर शंभरात दहाच्या आत आहेत, त्याने एटी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या जागेपर्यंत जून ते सप्टेंबर रस्ताच उरत नाही, किंवा जो ऑफ-रोडच्या स्पर्धांत उतरतो, त्याने एमटीचा विचार करावा. एमटी टायर घातलेली पिकअप लक्ष्मी रस्त्यावर जागा शोधताना दिसली की मला तिच्या मालकाच्या कानांची काळजी वाटते.

जमीन पाहून नक्षी ठरवणे

पुणे जिल्ह्यातील जमीन एकसारखी नाही, आणि टायरच्या निवडीत या गोष्टीला जाहिरातीतील दाव्यांपेक्षा अधिक महत्त्व द्यावे. पश्चिमेला मुळशी, मावळ आणि वेल्ह्याच्या पट्ट्यात पाऊस प्रचंड पडतो, पण मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो आणि त्याखाली मुरूम किंवा काळा पाषाण लागतो. अशा चिखलात चाकाने वर तरंगण्याऐवजी चिखल कापून खालच्या कठीण थराला टेकणे फायद्याचे असते, आणि ते काम तुलनेने अरुंद टायर अधिक चांगले करतो. म्हणूनच २४५ ते २६५ मिलिमीटर रुंदी या भागाला पुरते. केवळ भारदस्त दिसावे म्हणून २८५ किंवा त्याहून रुंद टायर बसवणाऱ्याला ताम्हिणीच्या बाजूच्या निसरड्या वाटांवर त्याचा लाभ होत नाही, उलट गाडी पातळ चिखलावरून घसरते. रुंद टायर वाळूत उपयोगी पडतो हे खरे. परंतु कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाई असते आणि खारे पाणी चेसिसला खाते, त्यामुळे वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीसाठी टायरची रुंदी ठरवू नये.

पूर्वेला दौंड, शिरूर, बारामती, इंदापूर या तालुक्यांत काळ्या मातीचे गणित निराळे आहे. ही चिकणमाती पाणी शोषून फुगते, टायरला थरावर थर चिकटते, खाचा बुजवते आणि शेवटी चाक व मडगार्ड यांच्यामधली जागाही भरून टाकते. एमटी टायर इथे थोडा अधिक वेळ तग धरतो, पण थोडाच. पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत शेतात औत घालत नाहीत. काळ्या मातीच्या पाणंदीला पिकअपसाठीही तोच नियम लावावा; एखाद-दोन दिवस थांबल्याने जे साधते, ते महागड्या टायरनेही साधत नाही. उन्हाळ्यात हीच वाट दगडासारखी कडक होते आणि मग कोणताही टायर चालतो.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग दगडांचा आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट फुटतो तेव्हा त्याला धारदार कडा येतात आणि नव्याने खडी पसरलेल्या वाटेवर त्या कडा टायरच्या बगलेला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, लागतात. दोन पावसाळ्यांपूर्वी केळदच्या अलीकडे एका अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला जागा देताना माझे मागचे डावे चाक शेताचा बांध धरून ठेवलेल्या दगडाला घासले. नक्षी जवळपास नवी होती, हवा बरोबर होती, वेग चालण्याइतका होता, तरी बगलेवर अंगठ्याएवढी चीर पडली. पंक्चरवाल्याने ती एकदा पाहिली आणि मान हलवली. जमिनीला टेकणाऱ्या भागातील सुमारे सहा मिलिमीटरपर्यंतचे छिद्र आतून पॅच लावून नीट दुरुस्त करता येते, पण बगलेची चीर दुरुस्त करून तो टायर पुन्हा महामार्गावर वापरणे सुरक्षित नसते. तेव्हापासून मी टायर पाहताना नक्षीकडे नंतर आणि बगलेकडे आधी पाहतो.

बगलेची ताकद ओळखण्यासाठी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. टायरवर बारीक अक्षरांत नक्षीखालील आणि बगलेतील थरांची संख्या स्वतंत्रपणे छापलेली असते; उदाहरणार्थ, नक्षीखाली दोन पॉलिएस्टर, दोन पोलाद आणि एक नायलॉन, तर बगलेत दोन पॉलिएस्टर. बगलेतील हा आकडा दोनऐवजी तीन असेल, तर दगडाळ वाटेवर तो टायर अधिक सहनशील ठरतो, मात्र वजनाने जड आणि चालवायला किंचित कडक असतो. काही टायरांचे ठोकळे नक्षीवरून खाली बगलेवरही उतरलेले असतात. ते केवळ शोभेसाठी नसतात. खोल चाकोरीत गाडी अडकली की हेच ठोकळे चाकोरीच्या भिंतीला धरतात आणि दगडाचा पहिला घावही तेच झेलतात. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे आहेत का, तेही पाहावे. ते नसतील तर खडीचे तुकडे खाचेत रुतून बसतात आणि चाकाच्या फेऱ्यागणिक आत शिरत राहतात.

एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे. वनविभागाची हद्द, माळरानाची कुरणे आणि कुणाचे भातखाचर यांतून गाडी नेण्यासाठी कोणताही टायर योग्य नसतो.

आकाराचा हिशेब

टायरवरील २६५/६० आर १८ या आकड्यांचा अर्थ असा की, रुंदी २६५ मिलिमीटर आहे, बगलेची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५९ मिलिमीटर आहे आणि रिम १८ इंचांची आहे. बगल वर आणि खाली अशी दोनदा मोजावी लागते, म्हणून ३१८ मिलिमीटरमध्ये रिमचे ४५७.२ मिलिमीटर मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास ७७५.२ मिलिमीटर येतो. टोयोटा हायलक्स याच आकारावर येते, तर इसुझू व्ही-क्रॉसवर २५५/६० आर १८ हा आकार असतो आणि त्याचा व्यास ७६३.२ मिलिमीटर भरतो. हा हिशेब मोबाइलवर मिनिटभरात होतो, आणि तो स्वतः केल्याशिवाय कोणताही पर्यायी आकार स्वीकारू नये.

माझ्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचा बदल म्हणजे व्यास तोच ठेवून रिम एका इंचाने लहान करणे. हायलक्सच्या २६५/६० आर १८ ऐवजी २६५/६५ आर १७ घेतला तर व्यास ७७६.३ मिलिमीटर येतो, म्हणजे फरक फक्त एका मिलिमीटरचा, पण बगलेची उंची तेरा मिलिमीटरने वाढते. व्ही-क्रॉससाठी २५५/६५ आर १७ चा व्यास ७६३.३ मिलिमीटर आहे. तिथे तर फरक जवळपास शून्य आहे. परदेशांत या दोन्ही गाड्या १७ इंची रिमवरही याच आकारांत विकल्या जातात. उंच बगलेमुळे खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका कमी होतो, हवा कमी केल्यावर टायरला पसरायला जागा मिळते आणि स्पीडोमीटरही बिघडत नाही. मात्र घेतलेली १७ इंची रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, तिची भार पेलण्याची क्षमता मूळ रिमइतकी आहे ना आणि तिचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप, मूळच्या जवळ आहे ना, हे बसवून पाहूनच पैसे द्यावेत.

याउलट २६५/७० आर १७ सारखा मोठा टायर बसवला, तर व्यास ८०२.८ मिलिमीटर होतो. मूळच्या तुलनेत ही सुमारे साडेतीन टक्क्यांची वाढ आहे, त्यामुळे स्पीडोमीटर शंभर दाखवत असताना गाडी १०३ ते १०४ च्या वेगाने जात असते. जमिनीपासूनची उंची मात्र व्यासातील वाढीच्या निम्मीच, म्हणजे जेमतेम चौदा मिलिमीटर वाढते. त्या चौदा मिलिमीटरसाठी स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासणे, चढावर इंजिनावर जास्त ताण येणे आणि हौद्याखालच्या जागेत स्टेपनी न बसणे, एवढ्या तक्रारी पदरात घ्याव्या लागतात. त्या दूर करण्यासाठी सस्पेन्शन बदलून गाडी उंच करण्याचा विचार असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधील गाडीच्या फेरबदलांविषयीचे कलम ५२ आधी वाचावे.

भार आणि रिकामा हौदा

इतर एसयूव्ही आणि पिकअप यांच्यातला खरा फरक मागच्या धुरीवर, म्हणजे अ‍ॅक्सलवर, असतो. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, हौदा रिकामा असला की गाडीची शेपटी हलकी होते आणि ओल्या वळणावर तीच आधी सुटते. हौदा भरला की सगळा भार त्याच दोन टायरांवर येतो. म्हणून टायर दोन्ही अवस्थांसाठी तपासावा लागतो, आणि त्यासाठी सोपा उपाय म्हणजे वजनकाटा. नेहमीचा जास्तीत जास्त माल भरावा. युरियाची गोणी ४५ किलोची असते, म्हणजे वीस गोण्यांचे ९०० किलो होतात. मग जवळच्या काट्यावर फक्त मागची चाके चढवून वजन घ्यावे. ते समजा १,७०० किलो भरले, तर प्रत्येक मागच्या टायरवर ८५० किलो येतात. टायरवर आकारानंतर छापलेला भार-निर्देशांक १०२ असेल तर त्याची मर्यादा नेमकी ८५० किलो असते, आणि इतका काठोकाठचा टायर घेऊ नये. ११० म्हणजे १,०६० किलो आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या निर्देशांकाखाली तर कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये.

काही टायरांवर आकाराआधी एलटी, म्हणजे लाइट ट्रक, लिहिलेले असते आणि निर्देशांक १२१/११८ असा जोडीने येतो. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, म्हणजे १,४५० किलोचा, आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. हे ऐकून अनेकांना दहा प्लायचा, म्हणजे जास्त भार पेलणाऱ्या श्रेणीचा, एलटी टायर म्हणजे सर्वोत्तम, असे वाटते. पण अशा टायरची ती क्षमता ८० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपासच्या हवेवर मोजलेली असते. रिकाम्या पिकअपमध्ये ३५ पीएसआय हवेवरही त्याची जाड बगल फारशी दबत नाही, आणि गाडी प्रत्येक खड्ड्यावर आदळते. रोज मार्केट यार्डात माल घेऊन येणाऱ्या गाडीला तो शोभतो, पण महिन्यातून दोनदा चार गोण्या आणि एक तंबू वाहणाऱ्याला तो शिक्षा वाटेल. निर्देशांकाशेजारचे अक्षर कमाल वेग सांगते: क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९० आणि एच २१० किलोमीटर. ठोकळेदार टायरांवर अनेकदा क्यू दिसतो.

दुकानात उभे असताना

बगलेवरील लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३२४ असे असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. तयार होऊन वर्षाहून अधिक काळ झालेला टायर मी घेत नाही, आणि पाचही टायरांच्या तारखा ओळीने तपासतो. आयएसआयची खूण असणे बंधनकारक आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने अनेक प्रकारच्या नव्या टायरांच्या आयातीला परवान्याचे बंधन घातले, आणि त्यामुळे परदेशी बनावटीच्या ऑफ-रोड टायरांची आवक पूर्वीइतकी सहज राहिली नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की, एखादा दुर्मीळ आयात टायर आज मिळाला, तरी दीड वर्षाने त्याची बगल फाटल्यावर त्याच नक्षीचा जोडीदार मिळेलच असे नाही. भारतात तयार होणारा आणि नेहमी साठ्यात असणारा एटी टायर, मग तो अपोलो, सिएट, एमआरएफ, जेके किंवा योकोहामा यांपैकी कोणाचाही असो, पुणेकर पिकअपवाल्याला अधिक सोयीचा पडतो.

टायर चार नव्हे, पाच घ्यावेत. आपल्याकडच्या बहुतेक फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या धुरीच्या मध्ये, दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शिअल नसते. फोर-व्हील लावल्यावर दोन्ही धुऱ्या एकाच वेगाने फिरण्यास बांधल्या जातात. नवा टायर आणि निम्मा झिजलेला टायर यांच्या व्यासात सहज एक सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि तो फरक ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे दोन्ही धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, दात्यांवर ताण आणतो. माझी चीर पडली त्या दिवशी स्टेपनी वेगळ्या आकाराची निघाली. ती आधीच्या मालकाने ठेवलेली होती आणि मी ती कधी तपासली नव्हती. त्यामुळे उरलेला चढ फोर-व्हील न लावता, दगड सारत, उजेड असेपर्यंत पार करावा लागला. रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले, टायर दगडाळ वाटेसाठी विचारातही घेऊ नयेत.

हवा

टायर बसवून अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झाले की डांबरावरची हवा ठरवावी. दरवाजाच्या चौकटीवरील पत्रकात दिलेला आकडा मूळ टायरसाठी असतो, त्यामुळे एटी किंवा एलटी टायरवर तो आरंभबिंदू मानावा. नक्षीवर खडूने आडवी जाड रेघ ओढावी, सपाट डांबरावर गाडी शंभर-दीडशे मीटर सरळ चालवावी आणि रेघ कशी पुसली ते पाहावे. मधोमध पुसली असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली असेल तर कमी, आणि सर्वत्र सारखी पुसली असेल तर बरोबर. रिकाम्या आणि भरलेल्या हौद्यासाठी हे वेगवेगळे करून दोन आकडे लिहून ठेवावेत. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजावी.

कच्च्या वाटेला लागल्यावर हवा २२ ते २४ पीएसआयपर्यंत उतरवली, तर टायर जमिनीवर लांबट पसरतो, लहान दगड गिळतो आणि चिखलात चाक कमी फिरते. साध्या एचटी टायरची हवा अशी उतरवल्यावर जो फरक पडतो, तो पाहून अनेकांनी नवे टायर घेण्याचा बेत पुढे ढकलला असता. १८ पीएसआयच्या खाली मात्र जाऊ नये, कारण तीव्र वळणावर ट्यूबलेस टायरची कडा रिमवरून सुटू शकते. हवा कमी असताना वेग ताशी तीसच्या आत ठेवावा, आणि धारदार खडीच्या पट्ट्यात ती थोडी वाढवावी, कारण फुगून बाहेर आलेली बगल दगडाच्या वाटेत येते. डांबर लागताच हवा पूर्ववत करावी. कमी हवेच्या टायरची बगल दर फेऱ्याला दुमडून तापते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर असा तापलेला टायर फुटायला वेळ लागत नाही. यासाठी बारा व्होल्टचा कंप्रेसर जवळ असावा आणि तो चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडता येणारा असावा. लाइटरच्या सॉकेटवर चालणारे लहान पंप पिकअपच्या चौथ्या टायरपर्यंत पोचेतो फ्यूज उडवतात.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांच्या जागा बदलाव्यात आणि त्यात स्टेपनीलाही घ्यावे, नाहीतर ठोकळ्यांची झीज करवतीच्या दात्यांसारखी होते आणि आवाज वाढत जातो. खाचेतील झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते, पण चिखलातील पकड त्याच्या खूप आधी जाते; चार मिलिमीटर उरले की मी पावसाळ्यापूर्वी टायर बदलतो, गोटा होण्याची वाट पाहत नाही. चिखलातून परतल्यावर रिमची आतली बाजू पाण्याच्या झोताने धुवावी. तिथे वाळलेला चिखलाचा गोळा एकाच बाजूला राहिला, तर दुसऱ्या दिवशी ताशी ऐंशीला स्टीअरिंग थरथरू लागते आणि माणूस विनाकारण बॅलन्सिंगचे पैसे पुन्हा देऊन येतो.